खिडक्या पुसायला गरम पाणी कुणासाठी?

नाताळ जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खिडक्यांचा विषय निघतो. यंदाही निघाला. एका पक्षाचं म्हणणं, थंडीत खिडक्या गरम पाण्यानेच धुवाव्यात, काच लख्ख निघते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, गोव्यात कसली आलीय थंडी, बाईला गिझर लावून द्यायचा म्हणजे नसते लाड. मला दोन्ही पटत नाहीत. काचेला गरम पाण्याची फारशी गरज नसते, हातांना असते. ते हात आपले नसतात म्हणून आपल्याला एवढा वाद घालायला सुचतो.

काचेला गरम पाणी हवंच, हे खूळ परदेशी व्हिडिओ बघून आलंय असा माझा संशय आहे. तिकडे त्याला कारण आहे. माझा एक भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो (आता गोव्यात ज्यांचं कुणीच स्विंडनला नाही अशी घरं शोधावी लागतील) आणि खिडक्या धुण्याचंच काम करतो. गाडीत पाण्याची टाकी, लांब दांडा, टोकाला ब्रश आणि ब्रशातून पाणी. ते पाणी आरओ आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढून क्षार जवळपास शून्यावर आणलेले असतात, त्यामुळे काच पुसावीच लागत नाही, आपली आपण डागाविना सुकते. पण जानेवारीत पारा शून्याखाली गेला की नळी गोठते आणि फुटपाथवर सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन माणसं घसरतात. म्हणून गाडीत डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा हीटर. तोही आरओतून पाणी बाहेर पडल्यानंतर बसवतात, कारण आरओच्या पडद्याला साधारण ४५ अंशांपलीकडचं पाणी सोसत नाही. आणि गारठलेल्या काचेवर कढत पाणी कुणी ओतत नाही, काच तडकते.

आता आपलं बघा. पणजीत जानेवारीतली पहाट १९-२० अंशांची. वाळपईकडे, सत्तरीत आणखी थोडी गार. इथे गोठतं काय? खोबरेल.

थट्टा नाही करत. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, हे डिसेंबरात बाटली उलटी धरून ताटकळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या घरात मासळी खोबरेलात तळतात, तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीवर, विशेषतः एक्झॉस्ट पंख्याच्या आजूबाजूला, त्याच तेलाचा थर बसलेला असतो. थंडीच्या सकाळी तोही थिजतो. गार पाण्याचा फडका मारला की तेल निघत नाही, नुसतं पसरतं. काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात ते याचेच. इथे गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, याला पर्याय नाही. एवढ्या एका खिडकीपुरता पहिला पक्ष बरोबर आहे.

बाकीच्या खिडक्यांवर तेल नसतंच. मिरामार, दोनापावल, कळंगुट, कोलवा, समुद्राकडे तोंड असलेल्या कुठल्याही घराच्या काचेवर असतं मीठ. आणि मिठाला पाणी गरम की गार याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. साखरेचं तसं नाही, ती गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते. मिठाचं मात्र १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम, बस. खिडकीवर तर चिमूटभरही नसतं. त्याला हवं भरपूर पाणी. आधी नुसतं पाणी सोडायचं, मीठ आणि रेती वाहू द्यायची, मग फडका. आम्ही उलटं करतो. अर्ध्या मग पाण्यात फडका बुडवून तोच चार खिडक्यांना फिरवतो, आणि संध्याकाळी ऊन तिरपं आलं की पांढरट ढग दिसतात म्हणून बाईला बोल लावतो. डिचोली-सांगेकडची तांबडी धूळ किंवा हायवेच्या कामाची माती, तिचंही तेच. आधी भिजवायची, घासायची नंतर.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर गरम पाण्याने नुकसानच. पाणी तापलं की त्यातला चुना खाली बसतो, गिझरची कॉइल काढून बघा म्हणजे कळेल. शिवाय गरम पाणी काचेवर भराभर सुकतं आणि जाताना नवे ठिपके ठेवून जातं. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर.

पण जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर व्हिनेगर चुकूनही नको! काच महाग होती त्या काळात चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी चौकटीत बसवायचे. ते मूळचे कॅल्शियम कार्बोनेटचे, अभ्रकासारखे पापुद्रे एकावर एक. आंबट लागलं की वरचा पापुद्रा खाल्ला जातो, चमक जाते, ती परत येत नाही. हा शिंपला चिखलीच्या खाडीत अजून सापडतो, पण वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे बाजारात जाऊन नवा तुकडा आणू म्हणाल तर तेही नाही. त्या खिडक्यांना मऊ ब्रश, नंतर ओलसर फडका, लगेच कोरडा फडका. गरम पाणी नको, साबण नको.

राहिले हात. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी म्हटलं, गरम पाणी देते. "नाका गो बाय, हाताक सवय जाल्या," म्हणाल्या. सवय कसली. खिडकीची वरची काच पुसताना हात डोक्याच्या वर असतो. फडक्यातलं पाणी मनगटावरून कोपराकडे, तिथून बाहीत आणि बाहीतून काखेत उतरतं. २० अंशांचं पाणी प्यायला छान असतं. सकाळच्या वाऱ्यात दोन तास ओल्या बाहीत मुळीच छान नसतं. मधेच त्या फडका ठेवून बोटं काखेत दाबून उभ्या राहतात आणि आपण आतून विचारतो, झालं का हो मावशी?

आता लाडाचा हिशोब. १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. गोव्यातल्या घरगुती दराने दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. तीन बादल्या दिल्या तरी कटिंग चहापेक्षा स्वस्त. पाणी हाताला सोसेल इतपत कोमट ठेवा आणि निवलं की बदला. गॅस गिझर असेल तर न्हाणीची खिडकी उघडी ठेवून लावा, बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेलेली आहेत.

ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना तर वीजही नको. आमच्या गावच्या घरी न्हाणीत तांब्याचं भाण होतं, खाली नारळाच्या करवंट्या आणि सोडणं (नारळावरची सालं) पेटायची, पण ते पाणी आंघोळीचं. पुसायच्या कामाला आजी पहाटे विहिरीचं ताजं पाणी काढायला लावायची. जमिनीखालचं पाणी रात्रीच्या गारठ्याने निवत नाही, थंडीत ते हाताला ऊबदारच लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं मात्र रात्रभर निवत बसतं.

आणि गिझरही नको, विहीरही नाही, असं असेल तर बाईला सातला बोलावूच नका. दहा-साडेदहाला बोलवा. तोवर गच्चीवरची काळी टाकी उन्हाने तापते आणि नळालाच कोमट पाणी येतं. पश्चिमेच्या खिडक्या आधी, कारण उन्हातल्या काचेवर साबण सुकून बसतो. पूर्वेच्या दुपारनंतर.