गुरुजींना कसलं आलंय टेन्शन?

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर, तिसऱ्या दिवशी चुलतभावाच्या स्टेटसला. मतलब असा: मास्तरांना अर्धं वर्ष सुट्टी, पगार बक्कळ, काम काय तर पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे, तरी यांना ताण! पूर्वीचे गुरुजी सेवा करायचे, रडायचे नाहीत. झेपत नसेल तर सोडा, हजारो पोरं रांगेत उभी आहेत. खाली हसून लोळणारे चेहरे.

मी वाळवा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेरा वर्षं शिकवते. ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं की 'मॅडमना झोंबलं' एवढाच त्याचा अर्थ निघतो.

आधी सुट्टी. रविवार सोडून वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, असा आमच्याकडे दंडक आहे. ३६५ मधून ७६ आणि ५२ रविवार काढा, २३७ दिवस उरतात. शिक्षण हक्क कायद्याने तर पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवणं बंधनकारकच केलंय. उन्हाळ्याची सुट्टी मिळते म्हणून इतर कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा आम्हाला मिळत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत ही कामं त्याच कायद्याच्या कलम २७ ने आमच्याकडे ठेवलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाइन माहिती आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पोराच्या आईकडे मारायचे हेलपाटे? पाढे म्हणून घ्यायला वेळ मिळाला तर तो दिवस चांगला.

पगारावर मी भांडणार नाही. नियमित झालेल्या शिक्षकाचा पगार चांगला आहे. उसाच्या बिलाची वाट बघत बसलेल्या माणसाला तो खुपला तर मला समजतं. फक्त, पगार मिळतो म्हणून दुखतंय म्हणायची बंदी, हा नियम एसटीच्या ड्रायव्हरला किंवा डॉक्टरला कुणी लावत नाही.

आता 'कसला ताण' याकडे येते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर इथे कुणाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर शाळा भरली तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. पहिल्या दिवशी मी पोरांना काहीही काढा म्हणून कागद दिले. सगळ्यांनी पाणीच काढलं. एकाने नुसता कागदभर निळा खडू फिरवला आणि विचारलं, "बाई, आमची म्हस परत येईल का?" माझ्याही घरात गुडघाभर गाळ होता, लग्नातल्या साड्या कठड्यावर वाळत होत्या, सासूबाई पाहुण्यांकडे. पण वर्गात बाई हसतमुखच लागते. मी हसले, त्याला जवळ घेतलं, म्हशीबद्दल काय बोलले ते आता आठवत नाही.

पूर काही रोज येत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या मात्र दर वर्षी येतात. फडाच्या कडेला खोपटी उभी राहतात आणि आम्ही पोरं शोधत फिरतो. एक मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन वर्गात यायची. त्याला झोपवायला मी कोपऱ्यात सतरंजी टाकली होती. मार्चमध्ये, जेमतेम जोडाक्षरं यायला लागली तेव्हा, एका सकाळी खोपटीच नव्हती. टोळी रात्रीत गेली होती. पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड माझ्या टेबलावर तसंच. पुढच्या तासाला मी गणित घेतलं.

याला समाजशास्त्रात भावनिक श्रम म्हणतात. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून ही कल्पना मांडली: आत काहीही होत असो, चेहऱ्यावर कामाला लागेल तीच भावना ठेवायची. फरक एवढाच की त्यांचा प्रवासी दोन तासांत उतरून जातो, आमचा चार वर्षं बसलेला असतो.

हे साचत गेलं की माणूस आटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ताणाने येणाऱ्या अशा अवस्थेची जी लक्षणं दिली त्यात थकवा आहे, काम जमेनासं होणं आहे आणि कामापासून मन तुटणंही आहे. शाळेत नुसती हजेरी लावून जाणारे, प्लॉटचे व्यवहार करणारे मास्तर आहेत, मलाही माहीत आहेत. पण एखादा कोरडा झालेला शिक्षक कामचुकार आहे की आटलेला, हे रस्त्यावरून ओळखू येत नाही. दोघंही खिडकीतून बाहेर बघत असतात.

तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या एका पोराचे वडीलही होते. त्याच रात्री सव्वादहाला त्यांचा फोन: "मॅडम, पोरगं घरात कुणाशी बोलेना झालंय. तुमचं ऐकतं, जरा विचारून बघा." मी बघते म्हटलं. ५ सप्टेंबरला आम्ही गुरुर्ब्रह्मा, उरलेलं वर्ष फुकटखाऊ. ब्रह्मदेव दमत नाही आणि फुकटखाऊला दमायचं कारण नाही.

राहिले पूर्वीचे गुरुजी. इथे कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव हमखास येतं, आणि आमच्याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं ते घराणं, त्यामुळे मलाही अभिमान आहे. पण १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं, ते एकट्याच्या सोसण्यावर नाही. लोक मूठ मूठ धान्य देत होते. आणि मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. सेवा-सेवा म्हणणाऱ्यांनी सांगावं, आज गावातून शाळेकडे कुणाची मूठ येते? यात्रेची वर्गणी मात्र शाळेकडून न चुकता जाते.

आणि ती रांग. रांगेतून निवडला गेलेला पोरगा आधी तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. २०२३ च्या आधी प्राथमिकला त्याचं मानधन महिन्याला ६ हजार होतं, आता १६ हजार आहे. आमच्या शाळेत असा एक आलाय, घरापासून चारशे किलोमीटरवर, खोली भाड्याने घेऊन. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आला. "मॅडम, वर्गात एक पोरगी रडतीय, का ते सांगत नाही. डीएडला हे शिकवलंच नव्हतं."

मी म्हटलं, आधी पाणी दे. मग शेजारी नुसता बस. त्यापुढचं मलाही अजून नीट येत नाही.