मंगळावर २ मेगापिक्सेल, खिशात २००: त्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज परत फिरायला लागलाय, तुम्हालाही आला असेल. डावीकडे मंगळाचा एक काळपट, धुरकट, कडांना गोल वाकलेला फोटो, उजवीकडे नव्या फोनची जाहिरात, आणि खाली मजकूर: "अब्जावधी डॉलर खर्चून नासाने मंगळावर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा पाठवला. तुमच्या खिशात २०० मेगापिक्सेल आहेत. स्पेस स्टेशनवरही जुनाट कॅमेरे. एकतर हे लोक मूर्ख आहेत नाहीतर काहीतरी लपवतायत." मला हा तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर इंजिनियर लोकांचा, आणि तिथेही सगळे हसण्याचे इमोजी टाकत बसले होते, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी खरं आहे ते मान्य करतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचे (म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीचे) मुख्य कॅमेरे खरंच १६०० बाय १२०० चे आहेत, म्हणजे २ मेगापिक्सेल. २०२१ ला उतरलेल्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या मुख्य कॅमेऱ्यात, मास्टकॅम-झी मध्येही तोच कोडॅकचा जुना सेन्सर आहे. आकडा बरोबर आहे. पुढचं सगळं गंडलंय.

"एवढा पैसा असून जुना कॅमेरा का घेतला?"

अहो, घेतला तेव्हा कुठे जुना होता? क्युरिऑसिटीचे कॅमेरे मॅलिन स्पेस सायन्स सिस्टीम्सने बनवले आणि तिथल्या माईक रेव्हिन यांनी २०१२ मध्येच सांगितलं होतं की हे प्रस्ताव २००४ चे आहेत. २००४ साली फोनने काढलेला फोटो आठवतोय का? तो आता मोठ्या स्क्रीनवर लावून बघा एकदा. मग लोक म्हणतात, यान निघालं २०११ ला, मधल्या सात वर्षांत बदलायचा होता. पण एकदा कॅमेरा ठरला की त्याच्याभोवती सगळं बांधत जातात, इलेक्ट्रॉनिक्स, मेमरी, सॉफ्टवेअर, पॉवरचं बजेट, आणि मग तो हलवून, गोठवून, तापवून, व्हॅक्यूममध्ये ठेवून महिनोन्‌महिने टेस्ट होतो. सेन्सर बदलला की हे सगळं पहिल्यापासून. शिवाय तो एकच सेन्सर चार कॅमेऱ्यांत वापरला होता, खांबावरचे दोन, हाताच्या टोकाचा एक आणि उतरताना खाली बघणारा एक. म्हणजे एकदाच टेस्ट केलं की चारही ठिकाणी कामाला येतं.

आणि नवं नको होतं असंही नाही बरं का. क्युरिऑसिटीवर झूम लेन्स लावायचा जोरदार प्रयत्न झाला होता, सिनेमा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन त्या टीममध्ये होते. झूम वेळेत तयार होईना, टेस्टला वेळ उरेना, शेवटी २०११ मध्ये नासाने तो नाद सोडला आणि ३४ आणि १०० मिलिमीटरच्या साध्या फिक्स लेन्स गेल्या. झूम मंगळावर गेला तो थेट पर्सिव्हरन्सबरोबर. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणाचं उत्तर या एका गोष्टीत आहे: चांगलं होतं पण खात्रीचं नव्हतं, म्हणून राहिलं.

"२०० विरुद्ध २, विषय संपला"

विषय इथे सुरू होतो. फोटो काढणं सोपं आहे, तो घरी आणणं अवघड. रोव्हर आपला बहुतेक डेटा वरून जाणाऱ्या ऑर्बिटरला, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला देतो आणि ऑर्बिटर पृथ्वीला. ऑर्बिटर डोक्यावरून जातो तेव्हा मिळतात साधारण आठ मिनिटं, आणि त्यात क्युरिऑसिटीचा १०० ते २५० मेगाबिट डेटा वर जातो. आता हिशोब करा. २०० मेगापिक्सेलचा एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला फोटो, पिक्सेलमागे १० बिट धरले तरी २००० मेगाबिट, म्हणजे चांगल्यातले चांगले आठ पास एका फोटोला गेले. बाकी उपकरणांनी तोवर काय करायचं, भजन?

बरं, मोठा फोटो हवा असेल तर तो या २ मेगापिक्सेलमधूनच निघतो. २०१९ च्या नोव्हेंबरच्या शेवटी क्युरिऑसिटीने हजाराहून जास्त फोटो काढले, ते जोडून १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरामा झाला. डोंगर कुठे पळून जात नाही, खडक डोळे मिटत नाही, मग एका क्लिकमध्ये सगळं कशाला कोंबायचं?

आणि ते २०० मेगापिक्सेल म्हणजे तरी काय? फोनमधल्या अशा सेन्सरचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास, तुमचा फोन स्वतःच एरवी त्यातले १६ एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. रोव्हरच्या सेन्सरचा पिक्सेल ७.४ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात दीडशे पट फरक, म्हणजे प्रकाश गोळा करायला तेवढी मोठी परात.

तपशील अजून किती दिसेल ते लेन्सवर असतं. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर २००५ मध्ये निघालं, त्यावरचा हायराइज कॅमेरा अर्ध्या मीटरच्या आरशाने ३०० किलोमीटरवरून मंगळावरची मीटरभराची वस्तू दाखवतो. वीस वर्षांचा म्हातारा कॅमेरा. फोनने गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगवरचा कावळा काढून दाखवा, मग बोलू.

"मग फोनच का नाही पाठवत?"

पाठवलाय की! म्हणजे जवळजवळ. पर्सिव्हरन्सबरोबर गेलेलं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर फोनसाठी बनलेल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपवर चालायचं आणि त्याचा १३ मेगापिक्सेलचा रंगीत कॅमेराही बाजारात मिळणाऱ्यातलाच. पाच उड्डाणं ठरली होती, जानेवारी २०२४ पर्यंत ७२ झाली. पण ते मुळात प्रयोग म्हणून गेलं होतं, पहिल्या दिवशी बंद पडलं असतं तरी रोव्हरचं काम चालूच राहिलं असतं. रोव्हरचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र रॅड७५० या रेडिएशन झेलणाऱ्या जुन्या चिपवर, जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ, कारण तो बंद पडला तर बदलायला कोणी जाणार नाहीये. इथे मी टीकाकारांच्या थोडा बाजूने आहे, या संस्था कधीकधी अति सांभाळून चालतात आणि त्या हेलिकॉप्टरने ते दाखवूनही दिलं.

गंमत म्हणजे पर्सिव्हरन्सचे रस्ता बघायचे कॅमेरे २० मेगापिक्सेलचे आहेत, त्यामुळे "२ मेगापिक्सेलच पाठवतात" हेही अर्धवटच. पण मागे बसलेला कॉम्प्युटर जुन्या वळणाचा, त्याला अख्खा फोटो एका घासात गिळवत नाही, म्हणून तो फोटो १२८० बाय ९६० च्या तुकड्यांमध्ये वाचला जातो. बैलगाडीला मोठं चाक लावलं तरी बैल तेच.

रेडिएशनबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही, आणि खरा खेळ तिथे आहे, त्याने सेन्सर हळूहळू खराब होत जातो. गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानावर जूनोकॅम आहे, सेन्सर पुन्हा तोच २ मेगापिक्सेलचा. तो पहिल्या आठेक फेऱ्या टिकला तरी बास अशा बेताने बनवलेला. ४७ व्या फेरीपर्यंत नीट चालला, मग फोटोंवर पट्टे आणि कण दिसायला लागले, ५६ व्या फेरीपर्यंत जवळपास सगळेच फोटो खराब. आणि ३० डिसेंबर २०२३ ला यान आयो या चंद्राच्या १५०० किलोमीटरवरून जाणार होतं! टीमने काय केलं, कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण वाढवला आणि वाट बघत बसले. सेन्सर तापला की सिलिकॉनमधले काही दोष आपोआप भरून निघतात. आयो जवळ आला तसे फोटो सुधारत गेले आणि ऐन वेळेला स्वच्छ मिळाले. आपण मात्र फोन गरम झाला की शिव्या घालतो.

उष्णतेवरून आठवलं. मी एकदा नवाकोरा कॅमेरा घेऊन एक कार्यक्रम शूट करायला गेलो, विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर तापमानाची खूण आणि कॅमेरा बंद, पुढचं सगळं बॅगेतल्या जुन्या बॉडीवर काढलं. तिथे निदान हवा तरी होती, टोपीने वारा घालत होतो. व्हॅक्यूममध्ये हवाच नाही, उष्णता बाहेर पडणार ती फक्त स्पर्शाने किंवा किरणांनी. त्याचं गणित प्रत्येक नव्या मॉडेलसाठी नव्याने करावं लागतं.

"स्पेस स्टेशनवर जुनाट कॅमेरे"

निकॉन डी५ या कॅमेऱ्याबद्दल बोलतायत. तो आला २०१६ ला आणि नासाने २०१७ ला ५३ नग मागवले, काही बदल न करता, दुकानात मिळतो तसाच. तेव्हा तो निकॉनचा सगळ्यात वरचा मॉडेल होता. मग तो वर्षानुवर्षं चालला, कारण लेन्स तिथेच आहेत, ट्रेनिंग त्याच्यावरच झालंय आणि रात्रीच्या अंधारात तो अजूनही भारी आहे. स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतं, १/६० सेकंद शटर उघडं ठेवलं तरी सव्वाशे मीटर पुढे गेलेलं असतं, खालच्या शहराचे दिवे फरफटतात. तिथे आयएसओ, म्हणजे कमी प्रकाशात फोटो काढायची ताकद कामाला येते, मेगापिक्सेल नाही. आणि २०२४ मध्ये निकॉनचाच नवा झेड९ पोचलाय वर. चंद्रावर चालायला नेण्यासाठी त्याच झेड९ मध्ये बदल करतायत, जाड ग्लोव्हज घालून दाबता येतील अशी बटणं, वरून धूळ आणि तापमान झेलणारं आवरण.

"काहीतरी लपवतायत"

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्सचे रॉ फोटो नासा स्वतःहून सगळ्यांसाठी टाकते, जूनोकॅमचेही, आणि त्यातले कितीतरी सुंदर फोटो बाहेरच्या हौशी लोकांनी प्रोसेस केलेत. लपवायची ही पद्धत फारच येडी म्हणावी लागेल.

आता तो डावीकडचा धुरकट फोटो, ज्यावर सगळा मेसेज उभा आहे. तो मी ओळखला. तो त्या २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा नाहीच. क्युरिऑसिटी उतरल्यावर काही मिनिटांत चाकांजवळच्या हॅझकॅमने, म्हणजे अडथळे बघायच्या ब्लॅक अँड व्हाइट कॅमेऱ्याने, काढलेला तो फोटो आहे, लेन्सवरचं धूळ अडवायचं पारदर्शक झाकणही अजून उघडलेलं नव्हतं. ओडिसी ऑर्बिटर क्षितिजाखाली जायच्या आत जेवढं पाठवता येईल तेवढं पाठवायचं होतं, म्हणून आधी ६४ बाय ६४ पिक्सेलचे टिकलीएवढे फोटो आले, मग जरा मोठे. त्यात एक चाक दिसतंय, जमिनीवर टेकलेलं.