पंचनामा तिच्याच आयुष्याचा

काल रात्री ‘नॉर्थ कंट्री’ पुन्हा पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. २००५ चा सिनेमा, दिग्दर्शिका निकी कॅरो. चार्लीझ थेरॉनची जोसी मारकुट्या नवऱ्याला सोडून, दोन पोरं घेऊन मिनेसोटात माहेरी येते. तिचं सुजलेलं तोंड बघून बाप काय विचारतो, तर दुसऱ्या कुणाबरोबर सापडलीस का!

पोटापाण्यासाठी ती लोखंडाच्या खाणीत लागते. पगार चांगला, पण पुरुषांच्या डोक्यात एकच, बायका आल्या म्हणजे आमच्या पोटावर पाय. मग डब्यात घाणेरडी वस्तू, लॉकरमधल्या कपड्यांवर वीर्य, भिंतीवर विष्ठेने लिहिलेल्या शिव्या. एक पोरगी आत असताना फिरता संडास ढकलून आडवा करतात. हे सगळं बघवत नाही, तरी बघा.

मला सगळ्यात जास्त लागतात त्या तिच्याबरोबरच्या बायका. त्यांनाही तेच भोगावं लागतंय, पण चिडतात त्या जोसीवर. तू तोंड उघडलंस तर आमचं जगणं आणखी अवघड होईल, म्हणून. त्यांना भित्र्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घराचे हप्ते, पोरांच्या फिया, आजारी माणसं, हे सगळं त्याच पगारावर चाललेलं असतं. तक्रार करणाऱ्या बाईला एकटं पाडायला साहेबाला फार काही करावं लागत नाही. बाकीच्यांना नोकरीची आठवण करून दिली की झालं.

आणि कोर्टात तर खाण बाजूलाच राहते. कंपनीची वकील, तीही बाईच, जोसीचे शाळेतले दिवस उकरून काढते. पहिल्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न भर कोर्टात! खाणीतल्या छळाशी त्याचा काय संबंध?

हा सिनेमा खऱ्या खटल्यावर बेतलेला आहे. लोइस जेन्सन १९७५ मध्ये तिथल्या खाणीत लागली, १९८४ मध्ये तिने तक्रार केली, १९८८ मध्ये खटला भरला. १९९१ मध्ये कोर्टाने तो सगळ्या बायकांच्या वतीने चालवायला परवानगी दिली. लैंगिक छळाच्या प्रकरणात अमेरिकेत हे पहिल्यांदाच घडत होतं. पुढे त्या बायकांचं खाजगी आयुष्य खरोखरच असं चिवडलं गेलं. १९९८ च्या अखेरीस तडजोड झाली, पंधरा जणींना मिळून पस्तीस लाख डॉलर. तक्रारीपासून चौदा वर्षं! लोइसबरोबर खटल्यात उतरलेली पॅट कोझमॅक तोवर गेली होती. म्हणून सिनेमात कोर्टात जोसीच्या बाजूने एकेक जण उठून उभं राहतं तो शेवट मला पटत नाही. रडू येतं, पण ती चौदा वर्षं त्यात कुठेच दिसत नाहीत.

युनियनच्या सभेतला प्रसंग मात्र बावनकशी. पुरुष जोसीला बोलू देत नाहीत, आरडाओरडा करतात, तेव्हा तिचा बाप माईक हातात घेतो. तोच, सुजलेलं तोंड बघून तसं विचारणारा. रिचर्ड जेन्किन्सने काय काम केलंय!

आपल्याकडेही हे भोगून झालंय. राजस्थानात भटेरीच्या भंवरी देवी सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. पण त्यातूनच कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी.

कागदावर चोख आहे हे. पण मी एका ऑफिसच्या अशा समितीत बसले आहे. तक्रार होती साहेबाच्या रात्री-अपरात्री येणाऱ्या मेसेजांची. मेसेज समोर टेबलावर छापून ठेवलेले. आणि पहिला प्रश्न काय आला? “मग सहलीला त्याच्याच गाडीतून का गेलीस?” विचारणारी बाई होती. ती मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, तिला उत्तरच देता येईना. असे प्रश्न विचारायलाच बंदी हवी, आणि विचारणाऱ्याला त्या खुर्चीवरून उठवायला हवं.

तुमच्या ऑफिसात समितीची अध्यक्ष कोण आहे, बाहेरची सदस्य कोण आहे, नावं भिंतीवर लावली आहेत का, उद्या जाऊन बघा. नसतील तर एचआरला लेखी विचारा. एकटीने नको, चार-पाच जणी मिळून सही करा.