नागपूर-काठमांडू ‘एक तास चार मिनिटं’? कोणत्या विमानानं?

नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नागपूर ते काठमांडू फक्त ९६० किलोमीटर. विमानानं १ तास ४ मिनिटं. व्हिसा नको, आधार कार्ड पुरे. सकाळी निघा, दुपारी पशुपतिनाथ!’ मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारा माणूस असलं काही लगेच पुढे ढकलणार, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

अंतर बरोबर आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण तेवढंच भरतं. रस्त्यानं मात्र जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर, सोनौली असं तेराशेच्या आसपास जातं. व्हिसा लागत नाही, हेही खरं.

घोळ आहे तो वेळेत. कोणीतरी ९६० ला ९०० नं भागलंय, बस्स. ताशी ९०० हा वेग विमान पुरेशा उंचीवर गेल्यावरचा. धावपट्टीपर्यंत सरपटणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, हे सगळं त्या भागाकारात कुठंय? याच हिशेबानं ६९० किलोमीटरवरच्या मुंबईला पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असते, हे विमानानं मुंबईला गेलेला कोणीही सांगेल. त्यात काठमांडू म्हणजे डोंगरांनी वेढलेलं खोरं आणि एकच धावपट्टी. गर्दी किंवा धुकं असलं की विमानं वरच घिरट्या घालत बसतात. थेट विमान असतं तरी पावणेदोन तास धरूनच चालावं लागलं असतं.

‘असतं तर’ म्हणतोय, कारण नागपूरहून काठमांडूला थेट विमानच नाही! दिल्लीमार्गे जायचं तर आधी ८५० किलोमीटर, मग पुन्हा ८१०. मधे टर्मिनल, इमिग्रेशन आणि पुढच्या विमानाची वाट. पशुपतिनाथाचं दर्शन त्याच दुपारी? विसरा.

तिकीट पाहतानाही फसायला होतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. दिल्लीहून १० ला सुटून १२ ला पोचणारं विमान प्रत्यक्षात पावणेदोन तासच उडतं. परतीला तेवढ्याच वेळात १० चं विमान साडेअकरालाच दिल्लीत दिसतं. त्यावरून ‘येताना वारा पाठीशी असतो’ असं ठासून सांगणारे काका प्रत्येक ग्रुपात असतात.

राहिलं आधार कार्ड, आणि इथे नुसता वेळ जात नाही, सहलच बोंबलते. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला विमानानं नेपाळला जायला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ च्या आतल्या मुलांना आणि ६५ च्या वरच्यांना. म्हणजे आजोबा आणि नात विमानात, आणि तिकिटं काढणारे आईबाबा काउंटरवरच. बुकिंगच्या आधी मतदार कार्ड शोधा.