फिक्स आयपी, चार आकडे आणि अर्धा दिवस

लिनक्सच्या व्हीएमला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला, फिक्स आयपी (न बदलणारा नेटवर्कचा पत्ता) द्यायचा म्हणजे लिहायचं तरी किती, १९२.१६८.१.५०, पुढे नेटवर्कचा आकार सांगणारं /२४, मग बाहेर जायचा रस्ता म्हणजे गेटवे, साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस, झालं. आता हे लिहायचं कुठे एवढं फक्त कुणाला विचारू नका. एक म्हणतो इंटरफेसेस नावाच्या फाइलीत लिही, रेडहॅटवाला म्हणतो फाइलीला हात लावू नको, एनएमसीएलआय ही कमांड चालव, उबुंटूवाला म्हणतो २०१७ पासून नेटवर्कची सेटिंग लावणारं नेटप्लॅन आलंय, कुठल्या जमान्यात आहेस. आणि सगळे बरोबर असतात हो, फक्त आपल्या मशीनबद्दल बोलत नसतात. घरात चार कर्ते आणि लाइटबिल कुणीच भरलेलं नाही, तसला प्रकार.

त्यात नेटवर्क कार्डाचं नाव. पूर्वी सरळ ईटीएच० असायचं. आता ईएनपी०एस३, म्हणजे बस शून्य, स्लॉट तीन, आणि हे व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दुसरीकडे गेलात की ईएनएस३३. व्हर्च्युअलबॉक्सचं नेटवर्क नॅटवर, म्हणजे मूळ संगणकाच्या आड, राहिलं असेल तर अजून मजा, मशीनला १०.०.२.१५ मिळतो, आतून बाहेर सगळं चालतं, बाहेरून आत कुणी येऊ शकत नाही, म्हणून आधी ब्रिज्ड करा, म्हणजे व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कवर येतं.

मग यॅमल, म्हणजे नेटप्लॅनची फाइल ज्या पद्धतीनं लिहायची ती. टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची, आणि एक स्पेस कमी पडली तर गेटवे भलत्याच्याच पोटात जातो. गेटवे४ लिहिलं की ते आता जुनं झालं, रूट्सखाली लिहा, असं नेटप्लॅन वर ऐकवतं.

पण खरा कळस म्हणजे नेटप्लॅन ट्राय ही कमांड. कल्पना भारी आहे, सेटिंग लावून बघतो, तुम्ही १२० सेकंदात एंटर दाबला नाही तर सगळं पूर्ववत. आता मी एसएसएचनी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून दूरून, जुन्या पत्त्यावरून आत बसलेलो, नवा पत्ता लागला त्याच क्षणी टर्मिनल गोठलं, एंटर दाबायचा तो गोठलेल्या खिडकीत, तो कुणाला पोचणार? दोन मिनिटांनी जुना पत्ता परत. म्हणजे सेटिंग बरोबर होतं म्हणूनच ते रद्द झालं!! असली कामं व्हीएमच्या कन्सोलवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खिडकीत, बसूनच करावीत, एसएसएचवरून मुळीच नाही.

कन्सोलवरून लागलं. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातोय पण नावानं एकही साइट उघडत नाही, म्हणजे डीएनएस, तेही टाकलं. रीबूट केलं, परत जुना पत्ता. मशीन सुरू होताना सेटिंग लावून देणारे क्लाउड-इनिट महाशय नेटप्लॅनची ती फाइल स्वतः लिहून काढतात, आणि फाइलीच्या डोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं पण असतं, पण वरच्या कॉमेंट कोण वाचतं? त्यांचं नेटवर्कचं खातं काढून घेतलं, तेव्हा कुठे पत्ता टिकला.

आणि आत्ता टीममधून मेसेज आलाय, मशीन मस्त चाललंय, याचेच अजून तीन क्लोन काढून दे ना. चौघांचा आयपी एकच.