जिलेबी नको, शेव मात्र दुप्पट!

इंदूरच्या मराठी घरांत साखरेची धास्ती आता चांगलीच बसली आहे. पोह्यांबरोबरची जिलेबी काका मुकाट्याने बाजूला सारतात. आणि लगेच ठेलेवाल्याला सांगतात, "भैया, सेव थोडी और, जीरावन भी." (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला.) शुगर तपासायला सगळे जातात, मिठाचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या गावात बीपीच्या गोळ्या वाढत जातात त्यात या मिठाचा वाटा मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चहाचा एक सपाट चमचा, बस. त्यात भाजी, आमटी, पोळीची कणीक, लोणचं, पापड, नमकीन सगळं आलं. "मी वरून मीठ घेतच नाही हो," हे वाक्य म्हणूनच काही कामाचं नाही. वरून घेतलेलं निदान दिसतं तरी.

घरच्या घरी तपासायचं असेल तर मिठाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅमच्या वर गेलं. लोणच्यासाठी वेगळं काढलेलं किंवा फरशी पुसायला वापरलेलं वजा करा. पण बाजारची शेव, पापड, सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं यात धरलेलंच नाही, हेही लक्षात ठेवा. चौघांचा महिन्याचा कोटा सगळं धरून 600 ग्रॅम.

बंद पुड्यावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा. 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर 2 ग्रॅम मीठ झालं. मूठभर शेवेत फार नाही, असं वाटेल, आणि एका मुठीपुरतं ते खरंही आहे. पण आपण शेव पोह्यांवर घालतो, दुपारी वरणावर घालतो, संध्याकाळी चहाबरोबर नुसतीच खातो. शिवाय शेवेतला सोडा आणि पापडातला पापडखार हेही सोडियमच. जीरावणात काळं मीठ असतं. सुट्या शेवेवर तर लेबलच नाही! कैरीचं लोणचं टिकतंच मिठावर. घरगुती लोणच्यात साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं मीठ धरा, म्हणजे खारासकट 15 ग्रॅमच्या फोडीमागे दीड ग्रॅम. दोन्ही वेळच्या जेवणात एकेक फोड झाली की निम्मा कोटा तिथेच संपला.

आता सैंधव. उपवासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं, असा एक लाडका समज आहे. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला म्हणून रक्तवाहिन्यांना काही फरक पडत नाही. उलट त्यात बहुतेक वेळा आयोडीन नसतं, हा तोटा वेगळाच.

कमी कसं करायचं? एकदम अळणी केलंत तर चौथ्या दिवशी घरात बंड होईल. आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग आमटी-भाजीतलं दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. लिंबू, आमसूल, हिंग, ओली मिरची वाढवा. काही आठवड्यांत जीभ सरावते, मग बाहेरची कचोरी खारट लागायला लागते. रोजचं मीठ चार-साडेचार ग्रॅमने उतरलं तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी खाली येतो. पण म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही.

फरक पडला का ते नीट मोजा. पोहे-चहा करून, जिना चढून येऊन, गप्पा मारत घेतलेला आकडा निरर्थक असतो. चहा, सिगारेट, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. मशीनचा पट्टा शर्टाच्या बाहीवरून नको, उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि एक. बाजारात मिळणाऱ्या "लो सोडियम" मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी किडनीला ते चालतं. पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीच्या कितीतरी पेशंटांना टेल्मिसार्टनच चालू असतं, तेव्हा वहिनी, डब्यात ते मीठ भरण्याआधी काकांच्या गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा.