वरनं काहीतरी सोडलंय

1 नोव्हेंबर हा आमच्या घरी काळा दिन. 1956 साली याच तारखेला बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 1986 च्या नोव्हेंबरात मी चौथीत होते. जूनमधल्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या जखमा ओल्याच होत्या. बाबा काळा शर्ट घालून फेरीला गेले आणि संध्याकाळी परत येईपर्यंत आई दारातच बसून होती.

आता मी राहते त्या स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्येही जुनी माणसं हीच तारीख, याच वर्षाची, काढतात. मध्यरात्र उलटल्यावर शहराजवळच्या श्वाइत्सरहाल्ले इथं सॅन्डोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम पेटलं होतं. भोंगे वाजले, खिडक्या लावून घरात थांबायला सांगितलं गेलं. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदी लाल झाली. खाली जर्मनीपर्यंत लाखाहून अधिक वाम मासे मेले. खालच्या देशांना इशारा मात्र उशिरा पोचला, आणि तिथल्या लोकांचा खरा संताप आगीइतकाच त्या उशिराबद्दल होता.

हे आठवायचं कारण मामीचा फोन. माझं आजोळ चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी मांजरीला. गेल्या उन्हाळ्यात मामी म्हणाली, "पाणी काळं आलंय गं, वास मारतोय. वरनं काहीतरी सोडलंय." तिला हे कळलं कसं? नदीच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रातल्या शिरोळला दिलेल्या लेकीनं आदल्या दिवशी मेलेले मासे पाहिले आणि आईला फोन केला. गावाला सरकारी निरोप आलाच नाही.

या 'वरनं'बद्दल आपण सीमाभागातली मराठी माणसं मोकळेपणानं बोलत नाही. पंचगंगा इचलकरंजीवरून येते, नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि राजापूर बंधारा ओलांडला की ते पाणी कर्नाटकात शिरतं. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांचीही वाट तीच. म्हणजे ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आमच्या पिढ्या झगडल्या, त्याच महाराष्ट्रातलं सांडपाणी आणि मळी आमच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे गावासाठी नदीचं पाणी उपसायच्या विहिरीत येते. हे बोललं की घरचेच म्हणतात, कन्नड संघटनांच्या हाती आयतं कोलीत कशाला देतेस, आधी सीमाप्रश्न सुटू दे. मला हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 पासून चालू आहे. मामी पाणी रोज भरते.

ऱ्हाइनच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग बाझलमध्ये स्थापन झाला तो 1950 साली. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. पलीकडचा अल्सास प्रांत पाऊणशे वर्षांत चार वेळा फ्रान्स आणि जर्मनीमध्ये इकडून तिकडे गेलेला. भाषेचा, शाळेचा, पाट्यांचा तिथला वाद आपल्याला नव्यानं समजावून सांगायला नको. तरी ती माणसं नदीसाठी एका टेबलाशी बसली. अर्थात नुसतं बसणंही पुरलं नाही. आयोग असूनही 1986 ची ती रात्र आलीच. त्यानंतर मात्र कामाला वेग आला. 1987 मध्ये कृती कार्यक्रम ठरला, विषाची लाट कुठल्या गावी किती तासांनी पोचेल याचं गणित बसवलं गेलं. 1993 पासून वाइल अम ऱ्हाइन इथं तपासणी केंद्र चालतं. इमारत जर्मनीत, खर्च दोन देशांचा. संशयास्पद काही सापडलं की खालच्या केंद्रांना कळवतात आणि नेदरलँड्समधले पाणीपुरवठेवाले नदीतून पाणी घेणं थांबवतात. दोष कुणाचा, भरपाई कोण देणार, हे नंतर. आधी नळ बंद.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. भोपाळनंतर, 1996 च्या रासायनिक अपघात नियमांनी स्थानिक, जिल्हा, राज्य आणि केंद्र अशा आपत्ती गटांची उतरंड घालून दिली आहे. 1974 च्या जल कायद्यानं राज्यांच्या मंडळांत समन्वय ठेवायचं काम केंद्रीय मंडळाला दिलं आहे. पण ही सगळी रचना उभी आहे, खालून वर जाणारी. कागलच्या औद्योगिक वसाहतीत काही फुटलं, किंवा तवंदी घाटात रसायनाचा टँकर उलटला, तर कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्हाधिकारी कचेऱ्यांमधला आडवा फोन हा पहिल्या तासातला नियम असायला हवा. टँकरवरच्या पाटीचा आकडा वाचून आत क्लोरीन आहे की अमोनिया हे सांगू शकणारा माणूस महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या ठाण्यांत हवा.

आणि हे जमणारं आहे, कारण पुरासाठी आपण ते करतो. 2019 च्या महापुरानंतर कोयनेतून किती क्युसेक, राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती, अलमट्टी किती भरलं, हे आकडे दोन्ही राज्यांचे जलसंपदा अधिकारी पावसाळ्यात एकमेकांना देतात. अलमट्टी धरणाची पूर्ण भरल्यावरची 519.60 मीटर पातळी नदीकाठच्या पोरांनाही पाठ आहे. आकडा दिला म्हणून कुणी सीमेवरचा हक्क सोडला नाही. मग क्युसेकच्या शेजारी पाण्यातला प्राणवायू आणि आम्लता का नको? राजापूर बंधाऱ्यावर दोन्ही राज्यांच्या खर्चाचं एक केंद्र बसवा. कळ दाबली की कोल्हापूर, बेळगाव आणि खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला एकाच वेळी निरोप जाऊ दे, मराठीतही आणि कन्नडातही.

रोजचं सांडपाणी यानं थांबणार नाही, हे मला कळतं. त्याची लढाई वेगळी आणि लांबची आहे. पण एका रात्रीत सोडलेलं विष सकाळच्या घागरीत येऊ नये, एवढं या केंद्रानं होईल. हे मागणं बेळगावच्या मराठी नेत्यांनी मुंबईकडे करावं, कारण मुंबईला ते हक्कानं सांगू शकतात.

इथं फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला देशभर भोंग्यांची चाचणी होते. यंदा भोंगा वाजत असताना मी मामीला फोन लावला. ती म्हणाली, आता दोन घागरी कायम भरून, फडकं बांधून ठेवते. नळाला पाणी आलं की आधी ओंजळीत घेऊन वास घेते, मगच हंडा लावते.